‘दोनची’ तार: मॉडेल विमानांच्या पुशरॉडची पार्श्वभूमी

खान्देशातल्या मैदानांवर रेडिओने चालवायचे मॉडेल विमान नाक खाली करून जमिनीत घुसले की पहिला उद्गार अजूनही ‘सिग्नल गया’ हाच असतो. एके काळी तो खराही होता. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या दिवसांत प्रत्येक रेडिओ सेटमध्ये त्याची लहर ठरवणारा क्रिस्टल असे. शेजारच्याने त्याच क्रिस्टलवर आपला सेट चालू केला की हवेतले विमान कोणाचेच राहत नसे. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे सेट बाजारात आले आणि हे कारण जवळजवळ संपले. उद्गार मात्र तोंडात बसून राहिला. त्यामुळे सर्व्होपासून (आज्ञेनुसार फिरणारी छोटी मोटर) हॉर्नपर्यंतच्या (शेपटीच्या हलत्या पानावरचा खुंट) वीत-दोन वीत तारेची, म्हणजे पुशरॉडची, चौकशी करायला आपल्याकडे फार उशीर झाला.

अगदी सुरुवातीच्या रेडिओ विमानांत हा प्रश्नच नव्हता. तेव्हा रडर (शेपटीचे डावी-उजवीकडे वळवणारे पान) हलायचा तो पिळलेल्या रबराच्या जोरावर, रेडिओ फक्त अडकण सोडायचा. त्या रबरात काही मोडण्याइतका दम नव्हता. बाल्साची काडी आणि तिच्या दोन्ही टोकांना बांधलेली तार एवढ्यावर भागत असे. १९६० च्या दशकात हातातल्या सेटची स्टिक जितकी हलेल तितकाच रडर हलवणारे सर्व्हो आले आणि पुढे त्यांचा जोर वाढत गेला. तारेच्या टोकाचा नायलॉनचा क्लेव्हिस, म्हणजे तारेच्या आट्यांवर फिरवून चढवलेला आणि हॉर्नला अडकणारा चिमटा, जवळपास होता तसाच राहिला.

मी जवळून पाहिलेला काळ २०१० नंतरचा आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या स्पर्धा, फोमची विमाने आणि नऊ ग्रॅमचा निळा सर्व्हो यांचा हा काळ. त्या सर्व्होचा जोर ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंटिमीटर धरतात. म्हणजे सर्व्होच्या आर्मच्या (फिरत्या दांडीच्या) एक सेंटिमीटरवरच्या भोकातून १.८ किलो जोर मिळतो आणि अर्ध्या सेंटिमीटरवरून ३.६ किलो. आता तारेचे बघा. ताणाला दोन मिलिमीटरची पोलादी तार माणसाचे वजन सहज पेलते. ढकलताना गोष्ट वेगळी होते. तीस सेंटिमीटर मोकळी सोडलेली तीच तार पावणेदोन किलोच्या आसपास धनुष्यासारखी वाकते. लांबी दुप्पट केली तर पाव ताकद उरते. दीड मिलिमीटरची तार घेतली तर तीस सेंटिमीटरलाच अर्ध्या किलोपर्यंत दम संपतो. मध्ये एक-दोन ठिकाणी नळीचा आधार दिला की हे दुखणे जाते, पण शीतपेयाचा स्ट्रॉ चिकटवायची दहा मिनिटे उड्डाणाच्या सकाळी कोणाकडे नसतात.

एलेव्हेटरचा (विमान वर-खाली नेणाऱ्या शेपटीच्या पानाचा) हॉर्न खाली लावायचा की वर, हा वादही इथूनच निघतो. खाली लावला की दिसायला नीट, पण विमान वर उचलताना तार ढकलावी लागते. डाइव्हमधून विमान काढताना वेग दुप्पट झालेला असेल तर हवेचा जोर चौपट असतो, आणि नेमकी तेव्हाच तार वाकते. स्टिक पोटाशी ओढलेली, सर्व्हो पूर्ण फिरलेला आणि एलेव्हेटर मात्र निम्माच वर. जमिनीवर येईपर्यंत तार पुन्हा सरळ झालेली असते, म्हणून पुरावा सापडत नाही.

पण आमच्याकडे खरा गोंधळ घातला तो ‘दोनची’ या शब्दाने. दुकानात, वर्कशॉपमध्ये, मैदानावर सगळे ‘दोनची तार, दोनचा क्लेव्हिस’ म्हणतात. या ‘दोन’चे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे मेट्रिक एम-२: जाडी दोन मिलिमीटर, एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत ०.४ मिलिमीटर. दुसरा अमेरिकन दोन-छप्पन्न: यातला ‘दोन’ हा मिलिमीटर नाही, तो स्क्रूचा नंबर आहे. त्याची जाडी २.१८ मिलिमीटर आणि इंचाला ५६ आटे, म्हणजे आट्यांतले अंतर ०.४५ मिलिमीटर. आठ आट्यांत जवळजवळ एका पूर्ण आट्याची तफावत पडते. त्यात भर तार म्हणून वापरल्या जाणाऱ्या सायकलच्या स्पोकची. चौदा गेजचा स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा खरा, पण त्याचे आटेही इंचाला ५६. जुन्या अमेरिकन क्लेव्हिसमध्ये तो जवळपास बरोबर बसतो, हल्लीच्या चिनी एम-२ क्लेव्हिसमध्ये बसल्यासारखा वाटतो.

धातूचा क्लेव्हिस दोन आट्यांनंतर अडतो आणि माणूस सावध होतो. नायलॉन अडत नाही. पकडीने फिरवत राहिले की घट्ट जातो, आणि ती घट्टी पाहून उलट समाधान वाटते. पऱ्हाट्या उपटून मोकळ्या केलेल्या रानात आमचे एक विमान असेच गेले. लूपच्या (हवेतल्या उभ्या गोल गिरकीच्या) खालच्या अंगाला ते वर आलेच नाही. ढेकळांतून शेपूट उचलली तर क्लेव्हिस हॉर्नला शाबूत होता आणि स्पोक त्यातून सुटून लोंबत होता. स्पोकच्या आट्यांत नायलॉनचे पांढरे कीस दाटून बसले होते, आणि क्लेव्हिसच्या आतून नख फिरवले तर भोक गुळगुळीत लागले.

त्यानंतर आमच्या गटाने स्पोक वापरायलाच बंदी घातली. ती बंदी मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. स्पोकचे पोलाद उत्तम असते, तो गावोगावच्या सायकल दुकानात मिळतो आणि त्याचे आटे रोल करून उठवलेले असल्याने कापलेल्या आट्यांपेक्षा टिकतात. चूक जोडीची होती, शिक्षा स्पोकला झाली. बंदीच्या बाजूच्यांचे म्हणणे असे, की नव्या मुलांना आटे मोजायला लावण्यापेक्षा एकच माप ठेवलेले बरे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण बंदीनंतर जुन्या डब्यातले दोन-छप्पन्नचे क्लेव्हिस एम-२ च्या तारेवर चढू लागले. ते तर सैलच बसतात, आणि सैल जोडीने एलेव्हेटर थरथरू लागला की हवेतल्या हवेत बिजागरी फाटते.

अलीकडे यात उन्हाची भर पडली आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे हॉट ग्लूने चिकटवलेले हॉर्न मैदानावर पोचेपर्यंत मऊ झालेले असतात. सावलीत तपासले तेव्हा घट्ट होते, एवढ्यावर विसंबून विमान सोडले जाते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर आली नाही. त्यामुळे क्लेव्हिसच्या पुड्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या. आमच्या हाती येणाऱ्या पुड्यांवर आट्यांचे माप नसते, नुसते ‘२ मिमी’ छापलेले असते.