पान्हा, रवंथ आणि नागपूरचे ऊन

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर, हिंगणा किंवा कुही तालुक्यात चार-सहा जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. शेण उचलणे, कास धुणे, धार काढणे, कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) घालणे, पाणी पाजणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या एका ठरलेल्या क्रमाने होत आली आहेत. हा क्रम वरवर माणसाच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो जनावराच्या शरीराने ठरवलेला आहे.

शेण-मूत प्रथम काढण्याचे कारण केवळ स्वच्छतेचे नाही. मूत्रातील युरिया आणि शेणातील युरिएज हे विकर एकत्र आले की अमोनिया तयार होतो, आणि बंद गोठ्यात तो जनावरांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रास देतो.

खरे नाजूक काम धारेचे. गाईच्या कासेतील दुधापैकी साधारण पाचवा हिस्साच सडांच्या वरच्या पोकळीत सहज हाती लागेल असा असतो, तर म्हशीत हे प्रमाण त्याहूनही बरेच कमी असते. उरलेले दूध सूक्ष्म दुग्धपिंडांत अडकलेले असते आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी आकुंचन पावल्याशिवाय ते खाली उतरत नाही. वासराने ढुशी दिली किंवा कोमट पाण्याने कास धुतली की सडांतील मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात मिसळते आणि गाय सुमारे मिनिटभरात पान्हा सोडते. म्हशीला याहून अधिक वेळ लागतो. या संप्रेरकाचा प्रभाव काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून एकदा पान्हा आल्यावर धार न थांबता पूर्ण करावी लागते. अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रे अंगावर धावले किंवा जनावराला मार बसला, तर ॲड्रेनॅलिन स्रवते आणि ऑक्सिटोसिनचे काम अडते. म्हैस पान्हा चोरते असे आपण म्हणतो, पण त्यात तिची लबाडी नसते. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत जास्त असल्यामुळे, जेथे दुधाचा भाव फॅटवर ठरतो तेथे अर्धवट काढलेल्या धारेचा तोटा दुहेरी होतो. त्यावर उपाय म्हणून काही जण रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचतात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक ठरेल असे काहीही टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तो मोडण्याची गरज बहुतेक वेळा धारेच्या वेळच्या घाईतूनच निर्माण होते, असे मला वाटते.

धार झाल्यावर सडाचे छिद्र पूर्ण मिटायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात जनावर ओल्या जमिनीवर बसले तर जंतू आत शिरून कासदाह होऊ शकतो. त्यामुळे सरकीची ढेप धारेच्या वेळी आणि कुटार किंवा कडबा धारेनंतर, ही रीत अगदी योग्य आहे: समोर वैरण असली की जनावर उभे राहते, शिवाय कुटाराची धूळ दुधात पडत नाही.

ही वैरण पचवतात ते कोठीपोटातील, म्हणजे जठराच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव. ते तंतुमय पदार्थ आंबवून मेदाम्ले तयार करतात आणि जनावराची बहुतांश ऊर्जा त्यांतूनच येते. तयार होणारे आम्ल लाळेतील बायकार्बोनेटमुळे सौम्य होते, आणि भरपूर लाळ सुटण्यासाठी दिवसातून सात-आठ तास रवंथ व्हावा लागतो. म्हणून दुपारी जनावर निवांत बसलेले दिसले तरी त्याला उठवू नये. लग्नसराईत उरलेला भात आणि पोळ्या गव्हाणीत ओतण्याची सवय याच कारणाने घातक ठरते, कारण पिष्टमय अन्न वेगाने आंबून लॅक्टिक आम्ल साचते, रवंथ बंद पडतो आणि जनावर दगावूही शकते.

पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात हे वेळापत्रक सरकवावे लागते. आंबवण्याच्या क्रियेतूनही उष्णता निर्माण होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. म्हणजे सकाळी उशिरा घातलेल्या कडब्याची उष्णता नेमकी भर दुपारी बाहेर टाकावी लागते. त्यामुळे वैरणीचा मोठा हिस्सा पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावा. विदर्भातील पांढरी, हलक्या बांध्याची गवळाऊ गाय हे ऊन बऱ्यापैकी सोसते. नागपुरी म्हशीची कातडी काळी आणि घामग्रंथी कमी, त्यामुळे तिला दुपारी पाण्यात डुंबू देणे किंवा अंगावर पाणी मारणे हेही रोजचे कामच ठरते. दुधाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असल्याने पिण्याचे पाणी सावलीत आणि सतत उपलब्ध हवे.

उन्हाळ्यात म्हशीचा माज, म्हणजे ती फळण्यास तयार असल्याचा काळ, मुका राहतो. ती ओरडत नाही, अंगावरही उडत नाही. चिकट, पारदर्शक स्राव तेवढा दिसतो, तोही बहुधा रात्री किंवा पहाटे. तो नजरेतून सुटला तर पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी येतो आणि तोवरचा चारा भाकड जनावराला जातो. म्हणून झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारावी. बीजांड माज संपल्यानंतर काही तासांनी सुटते, त्यामुळे संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करून घ्यावे.