चार पेट्यांच्या आठ झाल्या तेव्हा

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी ईओक्यूचं, म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचं, सूत्र सांगता येतं. वर्षाची मागणी, एका ऑर्डरमागचा खर्च, या दोन्हींचा गुणाकार दुप्पट करायचा, त्याला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. एका वेळी किती माल मागवावा, याचं हे हुकमी उत्तर. १९१३ साली ते फोर्ड हॅरिस या इंजिनिअरनं मांडलं. मोटारवाल्या फोर्डचा इथे काही संबंध नाही. हॅरिस पुढे पेटंटच्या वकिलीकडे वळला, त्याचा मूळ लेख कित्येक दशकं कुणाच्या दृष्टीस पडला नाही आणि सूत्राला विल्सन या दुसऱ्याच माणसाचं नाव चिकटलं.

सूत्रात मागणी आधीच ठाऊक असते आणि वर्षभर एकसारखी असते. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून सगळे पुढे सरकतात. कारखान्यात मात्र घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

ते कुठे अडतं हे नीट दाखवलं अमेरिकेतल्या जे फॉरेस्टर (Jay Forrester) या माणसानं. नेब्रास्कात गुरांच्या रँचवर वाढलेला हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर एमआयटी या विद्यापीठात व्हर्लविंड संगणकावर काम करून १९५६ मध्ये तिथल्याच मॅनेजमेंटच्या विभागात आला. जनरल इलेक्ट्रिकची माणसं एक कोडं घेऊन त्याच्यासमोर बसली. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालत, आणि काही वर्षांनी निम्मी माणसं घरी पाठवावी लागत. बाजारच तसा, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. फॉरेस्टरनं त्यांना विचारलं, की कामगार घेणं, काढणं, माल मागवणं हे तुम्ही कशावरून ठरवता? मग वहीचं एक पान घेतलं, रकाने आखले: शिल्लक माल, कामगार, आलेल्या ऑर्डरी. त्यांनी सांगितलेल्या नियमांनीच आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब पेन्सिलीनं मांडत गेला. येणाऱ्या ऑर्डरी स्थिर धरल्या तरी कामगारांचा आकडा वर-खाली होतच राहिला. म्हणजे दुखणं बाजारात नव्हतं, ठरवण्याच्या पद्धतीत होतं.

हे व्याख्यानातून पटत नाही, अंगावर यावं लागतं. एमआयटीतच रुळलेला बिअरचा खेळ नेमकं तेच करतो. थेंबभर बिअर नसते. लांब टेबलावर चार जागा: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या. गिऱ्हाइकाची मागणी पालथ्या कार्डांवर, आणि ती फक्त दुकानदारानं बघायची. शेजाऱ्याशी बोलायला बंदी, चिठ्ठीवर आकडा लिहून पुढे सरकवायचा एवढंच. चिठ्ठी वर पोचायला वेळ, माल खाली उतरायला आणखी दोन आठवडे. पडून असलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, न देता आलेल्या पेटीला एक डॉलर. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे आडात असतं, पण पोहरा वर येईपर्यंत माणसाचा धीर सुटलेला असतो.

पहिले चार आठवडे मागणी चार पेट्यांची. पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि शेवटपर्यंत आठच राहते. एवढंच घडतं. पण दुकानदाराचा माल संपतो, तो घाबरून जास्त मागवतो. मागवलेलं वाटेत आहे हे विसरून पुढच्या आठवड्यात पुन्हा मागवतो. घाऊकवाला त्याच्याहून घाबरतो. एमआयटीतल्याच जॉन स्टरमननं या खेळाच्या नोंदी तपासून १९८९ मध्ये निबंध लिहिला. त्यात दुकानदाराची सर्वांत मोठी ऑर्डर सरासरी १५ पेट्यांची होती, कारखान्याची ३२. संघांचा खर्च किमान शक्य खर्चाच्या साधारण दहापट. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, की कारखान्याच्या खुर्चीतला मुलगा उंच लाटा काढतो. मग कार्डं उलटली जातात. चारावरून आठावर एक पायरी, पुढे सरळ रेघ. तोवर टेबलावर एकमेकांच्या अकलेचा उद्धार झालेला असतो.

स्टरमनचा रोख माणसाच्या समजेतल्या चुकीवर होता. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या हाऊ ली यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर दुसरी बाजू मांडली, आणि मला ती जास्त बोचरी वाटते. आसुडाची मूठ जराशी हलली तरी टोक हातभर उडतं, म्हणून मागणीतला छोटा बदल कारखान्यापर्यंत फुगत जाण्याच्या या प्रकाराला बुलव्हिप म्हणतात. त्यांच्या मते सगळे शहाण्यासारखे वागले तरी तो होतो. मागच्या आकड्यांवरून अंदाज बांधणं, भावातल्या सवलती, टंचाईत मुद्दाम फुगवलेल्या ऑर्डरी ही त्याची कारणं. आणि चौथं, माल थोडा थोडा न मागवता एकदम घाऊक मागवणं. म्हणजे हॅरिसचं सूत्र दुकानदाराला जे करायला सांगतं, तेच.

पवईत १९६३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीनं निटी ही संस्था उभी राहिली, ती इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवण्यासाठीच. आता तीच आयआयएम मुंबई आहे. मॅनेजमेंटच्या वर्गांत बिअरचा खेळ नवलाचा राहिलेला नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना मात्र आधी ईओक्यूची गणितं, आणि चिठ्ठ्या, पेट्या नि टेबल कधी आलंच तर एमबीएला गेल्यावर. मला विचाराल तर पहिल्या तासाला फळा कोरा ठेवावा आणि आधी चिठ्ठ्या वाटाव्यात. वर्गमूळ दुसऱ्या तासाला काढता येतं.