परिचालन प्रणालीची पुनर्स्थापना

नीट सुरू न होणाऱ्या संगणकावर परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम, उदा. विंडोज) नव्याने बसवण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘विंडोज टाकणे’ किंवा ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जातात, ते बरोबर नाही. फॉरमॅट केल्यावर त्या ड्राइव्हवरील फायलींची नोंद पुसली जाते. पुनर्स्थापनेत ती पुसलीच पाहिजे असे नाही. या घोळापायी अनेकांचे वर्षानुवर्षांचे फोटो विनाकारण गेले आहेत.

संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात. हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’चा संक्षेप होय. बूटस्ट्रॅप म्हणजे बूट पायात ओढून चढवण्यासाठी त्याला शिवलेला पट्टा. हे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणे, ही अशक्य कृतीसाठीची उपमा अमेरिकन इंग्रजीत साधारण १८३० च्या दशकापासून आढळते. तिचे मूळ बॅरन मुंचाउझेनच्या जर्मन कथांत असल्याचे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. परंतु तेथे बॅरन दलदलीतून घोड्यासकट वर येतो तो स्वतःची वेणी ओढून. बुटांचा संबंध येत नाही. त्यामुळे अमेरिकन उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. संगणकाच्या संदर्भात हा शब्द १९५३ च्या सुमारास आयबीएम ७०१ या यंत्राच्या वर्णनात येतो. ‘लोड’चे बटण दाबताच यंत्र पहिला ‘शब्द’ (म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो ठरावीक लांबीचा माहितीचा गट) स्मृतीत घेई आणि त्यातील सूचनांच्या आधारे पुढचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) आत येई. तंत्रज्ञांच्या बोलण्यात बूटस्ट्रॅप हा शब्द याआधीही रुळलेला असावा.

आयबीएम पीसीच्या (१९८१) परंपरेत बायॉस (संगणकात आधीच भरलेली, सुरू होताच चालणारी आज्ञावली) डिस्कवरचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर (साठवणीचा तुकडा) स्मृतीत आणते. त्यातील शेवटचे दोन बाइट, षोडशमान पद्धतीने लिहिल्यास, ५५ आणि एए असावे लागतात. १९८३ मध्ये डॉस २.० या परिचालन प्रणालीबरोबर हार्ड डिस्कचे विभाग पाडण्याची सोय आली. विभागांच्या चार नोंदी प्रत्येकी १६ बाइटच्या, म्हणजे ६४ बाइट. उरलेल्या ४४६ बाइटांत सुरुवातीचा कार्यक्रम बसवावा लागतो. एवढीशी जागा बिघडली, तर बाकी सारी डिस्क शाबूत असूनही संगणक उठत नाही. अशा वेळी विंडोजच्या ‘बूटरेक’सारख्या साधनाने हा भाग पुन्हा लिहिला की भागते. विंडोज एक्सपीपर्यंतचा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ आणि व्हिस्टापासूनचा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ हे संदेश तर कधी कधी नुसता पेनड्राइव्ह लावलेला राहिल्यानेही दिसतात. तो काढून संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. बायॉसनंतर आलेल्या यूईएफआय या पद्धतीत बूटच्या फायली स्वतंत्र विभागात असतात, म्हणून तेथे दुरुस्तीची रीत वेगळी.

दुरुस्ती साधली नाही, तरच पुनर्स्थापनेकडे वळावे. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये. डिस्क धड असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी परिचालन प्रणाली चालवून फायली आधी दुसरीकडे उतरवता येतात. बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ४८ अंकी किल्ली हाताशी हवी. विंडोज बसवायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विभाग फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज बसवल्यास जुना ऐवज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जातो, मात्र तो काही दिवसांनी आपोआप पुसला जातो.

मराठी डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी) करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांना स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या) फाँटांत टंकलेला मजकूर पुनर्स्थापनेनंतर उघडल्यास रोमन अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. तिच्यात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि देवनागरी आकार त्यांना फाँट देतो. ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’ या अशा फाँटसंचांतले जे फाँट आधी होते, नेमके तेच पुन्हा बसवावे लागतात. म्हणून संगणक दुकानात देण्यापूर्वी फाँटांचे फोल्डरही उतरवून घ्यावे.