देहव्यापारातून सुटका झालेल्या मुली-महिलांसाठी मदत : तक्रार, निवारा, कागदपत्रं आणि पैशांचे अर्ज

लॉजवर किंवा कुंटणखान्यावर छापा पडतो, दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते आणि लोकांच्या लेखी विषय संपतो. कागदावर तो तिथूनच सुरू होतो. एफआयआरमध्ये कोणती कलमं लागली यावर त्या मुलीला पुढे कुठून किती मदत मिळेल हे बरंचसं ठरतं. घरच्यांची धावपळ मात्र ‘केस लवकर मिटू दे, पोरगी घरी येऊ दे’ एवढ्यासाठीच चाललेली असते. हा लेख मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांतले पालक, ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, अंगणवाडीताई आणि कार्यकर्ते यांना समोर ठेवून लिहिला आहे.

तक्रार कुठे द्यायची

मुलगी बीडची किंवा परभणीची, कामाच्या नाहीतर लग्नाच्या आमिषाने नेलेली आणि फोन येतो तो पुण्याहून नाहीतर भिवंडीहून. गावच्या ठाण्यात गेलं की ‘हद्द आमची नाही’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याला फिर्याद घ्यावीच लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

अठरा वर्षांखालची मुलगी बेपत्ता असेल तर नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला हवा. फोनवरून मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. मुलीला रेल्वेने नेत असल्याची कुणकुण लागली तर १३९. जिल्हा पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष असतो, एक अर्ज तिथेही द्या.

एफआयआरमधली कलमं बघा

अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, १९५६, म्हणजे पोलिसांच्या तोंडी ‘पिटा’. छापा पडला की पिटाची कलमं लागतातच. पण तेवढ्यावर थांबलं तर पीडितेच्या पदरात फार काही पडत नाही. तिला फसवून, धमकावून, विकून किंवा तिच्या अडचणीचा फायदा घेऊन आणलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे मानवी तस्करी, लागलं पाहिजे. यात शिक्षा किमान सात वर्षांची, पीडिता अल्पवयीन असेल तर किमान दहा. या कलमात पीडितेच्या संमतीला अर्थ नाही. त्यामुळे ‘ती स्वतःच्या मर्जीने आली होती’ हा बचाव इथे चालत नाही. जबरदस्तीने शरीरसंबंध ठेवला असेल तर बलात्काराचं कलम, आणि अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा.

पहिल्या रात्री बाई घाबरलेली असते, तिथल्या मालकिणीने पढवलेलंच बोलते. खरं नाव आणि खरं वयसुद्धा सांगत नाही. म्हणून दोन-चार दिवसांनी ती सावरली की पुरवणी जबाब घ्यायला लावा आणि कलमवाढीची मागणी लेखी करा. यासाठी वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला, मुलं आणि मानवी तस्करीचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हेल्पलाइन १५१००.

अठराच्या आत असेल तर

तिला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समिती तिला बालगृहात ठेवते आणि सामाजिक तपासणी अहवाल मागवते. वयावरून वाद जवळजवळ ठरलेला, कारण एजंटाने एकोणीस-वीस वर्षांचं आधार कार्ड तिच्या हातात दिलेलं असतं. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ इथे कामी येतं. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी जिल्हा परिषद शाळेत जाऊन निर्गम उतारा काढावा. ऊसतोडीमुळे मुलगी चौथीतच शाळेतून सुटली असेल, तरी पहिलीच्या प्रवेशाची नोंद रजिस्टरला असते. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा तो एक कागद खटल्याची दिशा बदलू शकतो.

दुसरा धोका ‘मावशी’चा. आई, मावशी, आत्या म्हणून कुणीतरी वकील घेऊन येतं आणि ताबा मागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेत स्पष्ट सांगितलं आहे की कुंटणखाना चालवणाऱ्यांच्या वकिलाला त्या मुलींच्या वतीनेही उभं राहता येणार नाही. खऱ्या आई-बापाकडे द्यायचं तरी आधी गृहचौकशी होते. घरच्यांना याचा राग येतो, ‘आमचीच पोर आणि आमचीच चौकशी?’ पण नेणारा माणूस बऱ्याचदा ओळखीपाळखीतलाच निघतो, त्यामुळे ती टाळता येत नाही. चौकशीला येणाऱ्या ताईंना रेशन कार्ड, घरात कोण राहतं, मुलीचं लग्न आधी लावलं होतं का, हे खरं सांगा. बालविवाह लपवायला गेलं की अहवाल हमखास अडतो.

अठराच्या वर असेल तर

पोलीस तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला सुरक्षित जागी ठेवता येतं, पण तीन आठवड्यांच्या वर नाही. त्यानंतर गरज वाटली तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना वसतिगृहातून सोडताना बजावलं की देहविक्रय हा पिटा कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क आहे. माझंही मत तेच आहे. मनाविरुद्ध डांबून ठेवणं हे पुनर्वसन नाही. बाईला राहायचं नसेल तर तसा अर्ज विधी सेवा वकिलामार्फत द्या.

उलट, छापा न पडताही जिला स्वतःहून बाहेर पडायचं आहे, तिच्यासाठी त्याच कायद्यात कलम १९ आहे. ‘मला संरक्षणगृहात ठेवावं किंवा न्यायालयाने संरक्षण द्यावं’ असा अर्ज ती थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. हे कलम वापरताना फारसं कुणी दिसत नाही, याचं नवल वाटतं.

तातडीचा निवारा म्हणजे सखी वन स्टॉप सेंटर. तिथे पाच दिवसांपर्यंत राहणं, दवाखाना, पोलीस मदत, समुपदेशन एका छताखाली, विनाशुल्क. पुढच्या मुक्कामासाठी ‘मिशन शक्ती’तलं शक्ती सदन. उज्ज्वला आणि स्वाधार या जुन्या योजना त्यातच विलीन झाल्या. तिथे तीन वर्षांपर्यंत राहता येतं, मुलांनाही सोबत ठेवता येतं, मुलगा असेल तर बारा वर्षांपर्यंत. प्रवेशासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जा. आधार नाही म्हणून कुणी दारातून परत पाठवत असेल तर नकार लेखी मागा.

आधारचंही सांगतो. देहविक्रयातल्या महिलांना राहण्याचा पुरावा नसला तरी आधार द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं, आणि कार्डावर तिची ओळख उघड होईल अशी कुठलीही खूण नसावी, हेही त्यात आहे.

पैशांचे अर्ज

मनोधैर्य योजना ऑक्टोबर २०१३ पासून आहे. बलात्कार, पोक्सो आणि अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी, कमाल दहा लाख रुपये. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. सोबत एफआयआर, वैद्यकीय अहवाल आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. कलमांचा आग्रह का, ते इथे कळतं : नुसत्या पिटाच्या एफआयआरवर हा अर्ज टिकत नाही. आरोपी सापडलाच नाही तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली भरपाई मागता येते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते.

वेठबिगारीचा रस्ता फार थोड्यांना ठाऊक आहे. मुकादमाची उचल, म्हणजे कामाआधी दिलेले आगाऊ पैसे, काय असते हे मराठवाड्याला सांगायला नको. कुंटणखान्यातही तेच चालतं, ‘तुझ्यावर इतके मोजलेत, फिटेपर्यंत हलायचं नाही.’ कायद्याच्या नजरेत ही वेठबिगारी आहे. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत कुंटणखाना, मसाज पार्लर अशा ठिकाणांहून सोडवलेल्या महिला आणि मुलांना तीन लाख रुपयांची तरतूद आहे, त्याखेरीज तातडीचे तीस हजारांपर्यंत. अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. त्यात कुणी नेलं, कुणी किती पैसे घेतले, बाहेर जायची मुभा होती का, मोबाइल कुणाकडे होता, कमाई कोण ठेवून घेत होतं, हे तारीखवार लिहा आणि ‘मुक्तता प्रमाणपत्र’ स्पष्ट शब्दांत मागा. पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे, तातडीची मदत मात्र त्यासाठी थांबत नाही.

शेवटी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ‘वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला’ हा गट पात्रतेच्या यादीत आहे. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य. अर्ज तहसील कार्यालयात. वयाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला लागतो, महिला व बालविकास अधिकाऱ्यांचा दाखलाही जोडा. गावच्या चावडीवर हा गट मोठ्याने उच्चारला जाऊ नये, असं कुठल्याही बाईला वाटणारच. ती निराधार विधवा किंवा परित्यक्ता म्हणूनही पात्र बसत असेल तर त्या गटातून अर्ज केलेला बरा. कोणत्याही गटातून करा, पोहोच घ्या आणि तिच्यावर आवक क्रमांक आहे का ते खिडकीसमोरच तपासा.