गुळाच्या खड्याने शिसं उतरत नाही
सांगली ही गुळाची पेठ. त्यामुळे इथल्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानांतही ‘सुटल्यावर गुळाचा खडा खा, शिसं उतरतं’ असं नव्या पोराला सांगतात. नाही उतरत. बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांची धूळ-धूर श्वासावाटे आत जातो; ते शिसं फुफ्फुसातून रक्तात मिसळतं आणि रक्तातलं जवळपास ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींतच ठाण मांडतं. तिथे ते हिमोग्लोबिन घडवणारी विकरं (एन्झाइम) अडवतं. त्या घडणीत लोहाच्या जागी जस्त बसतं. पेशीचं सुमारे १२० दिवसांचं आयुष्यही घटतं. हिमोग्लोबिन मात्र उशिरा उतरतं, म्हणून तेवढ्याच तपासणीवर विसंबू नका. रक्तातलं शिसंच मोजून घ्या. आणि शिशाची धूळ बसलेले कामाचे कपडे घालून घरी जाऊ नका, लेकरं धावत येऊन बिलगतात हो!