रिकाम्या बाटलीचा भाव

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं, दारूबंदीचा कायदाही त्याच वर्षीचा. पुढे बराच काळ चोरटा माल रबरी ट्यूब आणि डब्यांतून फिरायचा. परवाने मिळू लागले, तेव्हा सीलबंद काच म्हणजे भेसळ नाही, हा समज रुजला. तो अजून हललेला नाही. बिअरची 650 मिलीची बाटली तर भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परत जाऊन धुऊन पुन्हा भरली जात आली आहे. त्यासाठी ‘पर्यावरण’ हा शब्द कुणाला वापरावा लागला नाही.

2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदी आली. पेट बाटलीवर एक-दोन रुपयांचा परतावा जाहीर झाला, पण गल्लीतल्या दुकानापर्यंत तो फारसा पोचला नाही. 2022 च्या सुमारास मोठ्या दारू कंपन्यांनी खंब्याभोवतीचं, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीभोवतीचं, पुठ्ठ्याचं खोकं काढायला सुरुवात केली. स्वतः पिणाऱ्याला फरक पडला नाही. भेट द्यायची असली की मात्र खोकं हवंच.

खरा घोळ टेट्रा पॅकचा. सीमेपलीकडे कर्नाटकात 1 जुलै 2007 ला अॅरॅक, म्हणजे पाऊचमधली स्वस्त दारू, बंद झाली आणि पाऊचवाला गिऱ्हाईक 90 आणि 180 मिलीच्या स्वस्त व्हिस्कीच्या पुठ्ठ्याच्या पॅककडे वळला. निपाणी इथून तासाभरावर, त्यामुळे कोल्हापूरकराला हे पॅक नवे नाहीत. बाजू घेणारे म्हणतात, पॅक हलका, फुटत नाही, ट्रकमध्ये माल जास्त मावतो, एकदा फाडला की त्यात बनावट माल भरता येत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कागद आणि उरलेले प्लास्टिक-अॅल्युमिनियमचे चिकटवलेले थर. ते सुटे करणारे कारखाने मोजके, म्हणून भंगारात त्याला किंमत नाही. पन्हाळ्यावर काचा वेचणाऱ्या पोरांना टेट्रा पॅक बरा वाटेल, कारण पाय कापत नाही. पंचगंगेच्या काठाला तो तितकाच जड. पिणारा पॅक घेतो तो खिशात मावतो म्हणून. नेमकं हेच 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात खटकलं: दोन ब्रँडच्या नावांच्या वादात पॅक समोर आले आणि ज्यूससारखं दिसणारं हे खोकं मुलं शाळेत नेऊ शकतील, यावर न्यायमूर्तींनी बोट ठेवलं. कचऱ्याचा मुद्दा बाजूलाच राहिला.

गिऱ्हाइकाचं मन जोखायचं तर तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याकडे बघावं. तिथे 2022 पासून सरकारी दारू दुकानात बाटलीमागे 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. जंगलात फेकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी बहुतेक काउंटरवर येऊ लागल्या. आपल्याकडे 2025 च्या जूनमधल्या करवाढीनंतर 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 आणि भारतात बनणाऱ्या विदेशीला 205 रुपये ठरली. देशीवाल्याला हे 10 रुपये म्हणजे किमतीचा आठवा हिस्सा, तो बाटली सोडणार नाही. विदेशीवाल्याला ते विसाव्या हिश्श्याच्या आसपास; गडावर बाटली फोडणारा बहुधा हाच.