फेज गेला तरी मोटर चालते: कंडेन्सरवरची आणि पाच फेजची

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात रात्रीची लाइन आली, स्टार्टर दाबला आणि मोटर नुसतीच घुं-घुं करत बसली, की एक फेज गेला हे कोणालाही कळतं. मग पेटीतला कंडेन्सर जोडतात आणि पाणी सुरू होतं. आमच्या जळालेल्या मोटरी भरणाऱ्या मिस्त्रीला मी एकदा पाच फेजच्या मोटरीबद्दल सांगत होतो, की एक फेज तुटला तरी ती फिरत राहते. तो हसला. "त्यात काय नवल? आपल्या मोटरी कंडेन्सरवर चालूनच रायल्या ना!"

घोळ 'फेज' या शब्दात आहे. मिस्त्रीचा फेज डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून येणारा. पाच फेजच्या मोटरीत जो तुटतो तो मोटरीच्या स्वतःच्या वाइंडिंगचा किंवा तिला प्रवाह देणाऱ्या ड्राइव्हच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटीच्या, एका शाखेचा. ड्राइव्ह आधी लाइनचा डीसी करतो आणि त्यातून हवे तेवढे फेज तयार करतो. म्हणून पाच फेजच्या मोटरीला खांबावरून पाच तारा लागत नाहीत.

आपल्या पंपाच्या मोटरीत स्टार जोडणी असेल (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) आणि त्या गाठीतून न्यूट्रलची तार बाहेर काढलेली नसेल, तर तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य राहते. दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. एक तुटला की उरलेल्या दोघांचा एकच फेरा होतो: एकातून गेलं ते दुसऱ्यातून परत. चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी वाढतं-घटतं, फिरत नाही. उभी मोटर उठत नाही. चालती मोटर ओढत राहते, पण तोच भार पेलायला साधारण १.७३ पट प्रवाह घेते आणि तिचा जोर सेकंदाला १०० वेळा हेलकावतो. कंडेन्सर प्रवाहाची वेळ सरकवून तिसऱ्या फेजची नक्कल करतो, पण ती नक्कल एकाच भाराला नीट बसते. विहिरीची पातळी उतरली, व्होल्टेज पडलं, की तोल गेला, आणि कंडेन्सरला त्याचा पत्ताच नसतो. बोअरच्या सबमर्सिबलवर हा जुगाड मी तरी करणार नाही. वाइंडिंग भरण्याआधी मोटर वर काढण्यातच जीव जातो.

पाच फेजमध्ये पाच प्रवाह आणि बंधन एकच (बेरीज शून्य), म्हणजे चार मोकळे. क्षेत्र फिरवायला दोन पुरतात. एक तुटला तरी तीन मोकळे उरतात. पण हे आपोआप घडत नाही. तुटलेला फेज ड्राइव्हने ओळखायचा आणि उरलेल्या चौघांचं प्रमाण आणि वेळ नव्याने ठरवायची. चौघांत सारखा प्रवाह ठेवून आधीइतकंच फिरतं क्षेत्र हवं असेल तर प्रत्येकी सुमारे १.३८ पट प्रवाह लागतो. वाइंडिंग तापू द्यायचं नसेल तर क्षेत्राचा जोर ७२ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो.

हे साधायच्या पद्धती अनेक, दोन मुख्य. नेहमीच्या पीआय नियंत्रकाला (हवा तो आणि असलेला प्रवाह यातला फरक बघून दुरुस्ती करणारा) फेज तुटल्यावर क्षेत्र फिरवायला न लागणारे, एरवी शून्य असलेले जादा प्रवाह हेलकावत ठेवावे लागतात आणि तिथे तो मागे पडतो. म्हणून ठरावीक गतीने हेलकावणारा प्रवाह नीट पाळणारा रेझोनंट नियंत्रक जोडतात. दुसऱ्या पद्धतीत ड्राइव्ह क्षणोक्षणी हिशेब करतो, की अमुक स्विच लावले तर पुढे काय होईल, आणि सर्वांत बरा पर्याय घेतो. ती चपळ आहे, पण दोष उशिरा कळला तर हिशेबात तुटलेला फेज शाबूत धरलेला असतो आणि निवड चुकते. उशीर रेझोनंटला जास्त सोसतो.

अशा मोटरी जिथे थांबून चालत नाही तिथल्या. ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकांना ढकलणाऱ्या २० मेगावॅटच्या इंडक्शन मोटरी १५ फेजच्या आहेत. आपल्या सौर पंपातही ड्राइव्ह असतो खरा, पण एसी पंपाची मोटर सहसा तीनच फेजची. तिचा एक फेज तुटला तर कंट्रोलरने ती बंद करणंच शहाणपणाचं.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण ते पाच फेजची जळाली, तर भरून कोन देईन?"